गार्मिन अप्रोच आर१०: कॅरी विचारा, स्पिन विचारू नका

पत्त्यांच्या कॅटाहून जरा जाड, वजन दीडशे ग्रॅमच्या आत, खाली तीन पायांचं छोटं स्टँड. २०२१ मध्ये आलेला गार्मिनचा हा लाँच मॉनिटर, म्हणजे गोल्फचा फटका मोजणारं यंत्र, हौशी गोल्फरांमध्ये अजूनही भरपूर वापरला जातो. त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एकाला तो सिम्युलेटर सेंटरमधल्या महागड्या यंत्राची स्वस्त आवृत्ती वाटतो, दुसऱ्याला निव्वळ खेळणं. दोघंही त्याला एकच चुकीचा प्रश्न विचारत असतात: "माझा स्पिन किती?", म्हणजे बॉल स्वतःभोवती किती फिरला. बॉल हवेतून किती लांब जाऊन पडला, म्हणजे कॅरी किती, आणि तो कोणत्या दिशेला निघाला, हे विचारलं तर हे यंत्र दिलेल्या पैशांचं चीज करतं.

आत डॉप्लर रडार आहे. ते बॉलच्या मागे बसतं आणि लांब जाणाऱ्या बॉलवरून परत येणाऱ्या लहरींवरून वेग काढतं. बॉलचा वेग, लाँच अँगल (बॉल किती कोनात वर निघतो), निघण्याची दिशा आणि क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या डोक्याचा वेग हे आकडे ते थेट मोजतं. कॅरी, एकूण अंतर, उंची, क्लबफेसचा (बॉलला लागणाऱ्या बाजूचा) कोन, क्लबचा मार्ग यांतलं बरंचसं गणिताने येतं. कंपनीने स्वतः दिलेली अचूकता बघा: बॉलच्या वेगात १ मैल प्रति तास इकडेतिकडे, दोन्ही कोनांत १ अंश, क्लबहेडच्या वेगात ३ मैल, कॅरीत ५ यार्ड. क्लबच्या वेगात तिप्पट सूट आहे, तेव्हा स्मॅश फॅक्टरवर, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग या आकड्यावर, फार जीव टाकू नये. ड्रायव्हरचा फेस किती उसळी देऊ शकतो याला नियमांनी मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे चांगल्यात चांगल्या फटक्याचा स्मॅश १.५० च्या आसपास थांबतो. तुमच्या फोनवर १.५३, १.५५ असे आकडे ओळीने यायला लागले तर खूश होण्याचं कारण नाही. क्लबचा वेग कमी मोजला जातोय एवढाच त्याचा अर्थ.

निम्म्या तक्रारींचं मूळ मांडणीत असतं. यंत्र बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवायचं आणि पुढे नेटपर्यंत बॉलला किमान ८ फूट मोकळे मिळाले पाहिजेत. म्हणजे घरात नेट लावणार असाल तर यंत्रामागे हात घालण्याची जागा धरून लांबी १५-१६ फूट लागते. खोली याहून लहान असेल तर रडारवालं कोणतंच यंत्र घेऊ नका, कारण बॉल दिसायच्या आत नेटमध्ये जातो आणि मग उरतो तो अंदाज.

दुसरी गोष्ट उंची. यंत्राचे पाय आणि बॉल एकाच पातळीवर हवेत. सरावाच्या रेंजवरची मॅट जमिनीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर उंच असते. यंत्र खाली काँक्रीटवर ठेवलं की लाँच अँगल बिघडतो आणि त्याच्यामागून कॅरी. मॅटच्या जाडीची फळी किंवा जुन्या मॅटचा तुकडा बॅगेत टाकून ठेवा.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नेम. समजा यंत्र ७ फूट मागे आहे, बॉलकडे अगदी नीट रोखलेलं आहे, पण बॉल आणि लक्ष्य यांच्या रेषेपासून फक्त ५ सेंटीमीटर बाजूला सरकलंय. तेवढ्याने त्याचं तोंड साधारण १.३ अंशांनी वळतं आणि २०० यार्डांवर प्रत्येक फटका साडेचार यार्ड एकाच बाजूला दिसतो. खेळाडू मग ग्रिप बदलतो, स्टान्स उघडतो, नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. उपाय सोपा आहे. दोन अलाइनमेंट स्टिक घ्या. एक बॉलच्या पुढे लक्ष्याच्या रेषेत टाका. दुसरी बॉलच्या मागे, पहिलीच्या सरळ रेषेत, यंत्राच्या मध्यापर्यंत आणा. यंत्र त्या रेषेवर बसवून दुसरी काठी उचला. मग सँड वेजने (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबने) आठ-दहा अर्धे फटके मारा आणि बॉल प्रत्यक्ष कुठे निघतोय ते डोळ्यांनी बघा. फोन सगळे फटके २ अंश उजवीकडे दाखवतोय आणि डोळ्यांना सरळ दिसतायत, तर स्विंग सोडा, यंत्र वळवा.

रेंजवर शेजारच्या बेमधला (फटके मारायच्या कप्प्यातला) माणूस अगदी खेटून खेळत असेल तर त्याचा स्विंगही कधीकधी तुमच्या यादीत घुसतो. घरात फिरता पंखा रडारच्या समोर नको. ५ आयर्नला (आयर्नचा आकडा जितका लहान तितका बॉल लांब जायला हवा) ६० यार्ड कॅरी किंवा सँड वेजला १६० असा आकडा दिसला की तो जागेवरच पुसा. सरासरीत गेला की मग शोधून काढणं जिवावर येतं.

आता मुख्य काम. क्लबांमधल्या अंतराचा तक्ता करणं हे या यंत्राचं खरं काम आहे आणि बहुतेक मालक तेच करत नाहीत. ड्रायव्हर काढून वेगाचा विक्रम करत बसतात. पद्धत अशी. अंग गरम झाल्यावर वेजपासून सुरुवात करा, प्रत्येक क्लबने दहा बॉल. अगदी टॉप झालेले (बॉलच्या वरच्या भागाला लागलेले) किंवा जमिनीत गेलेले फटके काढून टाका, पण 'जरा कमी बसले' म्हणून काढू नका, कारण कोर्सवर तेच जास्त बसतात. उरलेल्यांची सरासरी न घेता आकडे उतरत्या क्रमाने लावून मधला घ्या. एखादा भन्नाट फटका सरासरी वर खेचतो, मधल्या आकड्याला धक्का लावू शकत नाही. एकूण अंतराचा रकाना सरळ झाकून ठेवा. त्यातला घरंगळण्याचा भाग अ‍ॅपने मानलेल्या जमिनीवर अवलंबून असतो, आणि बंकरवरून बॉल जाईल की नाही हे कॅरीच ठरवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. पहिल्या दिवशी मोठ्या क्लबांपर्यंत येईतो अंग थकलेलं असतं, म्हणून दुसऱ्या खेपेला क्रम उलटा करा.

एका मध्यम वेगाच्या खेळाडूचा तक्ता कसा दिसू शकतो ते पाहा. सँड वेज ७६, पिचिंग वेज १०५, ९ आयर्न ११६, ८ आयर्न १२६, ७ आयर्न १३५, ६ आयर्न १४३, ५ आयर्न १४६. यात दोन रोग आहेत आणि दोन्हींचा इलाज स्विंगमध्ये नसून बॅगेत आहे.

पहिला रोग खाली, ७६ आणि १०५ च्या मधली २९ यार्डांची दरी. हल्लीच्या गेम इम्प्रूव्हमेंट (हौशी खेळाडूंना सोप्या जाणाऱ्या) आयर्नमध्ये लॉफ्ट, म्हणजे फेस मागे झुकल्याचे कोन, आवळलेले असतात. पूर्वी ७ आयर्न ३४-३५ अंशांचं असे, आता २८ ते ३० चं सर्रास मिळतं. त्याच ओढीने पिचिंग वेज ४३-४४ वर आलंय. सँड वेज मात्र ५६ वरच राहिलं. मधले १२-१३ अंश रिकामे. ९० यार्डांवरून अशा खेळाडूला दरवेळी एकतर सँड वेज ओढून मारावं लागतं किंवा पिचिंग वेज आखडून, आणि हौशी खेळाडूचे दोन्ही फटके बेभरवशाचे. ४९-५० अंशांचं एक वेज आणलं की हा प्रश्न मिटतो. मात्र घेण्यापूर्वी आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट कंपनीच्या तक्त्यात बघा. क्लबवर 'पी' लिहिलंय यावरून काही कळत नाही.

दुसरा रोग वर: ५ आणि ६ आयर्नमध्ये फक्त ३ यार्ड. ५ आयर्नला उंची मिळायला जेवढा क्लबचा वेग लागतो तेवढा इथे नाही. लाँच अँगल आणि अपेक्स, म्हणजे सर्वोच्च उंची, या दोन रकान्यांत ते स्वच्छ दिसतं: ५ आयर्नचा बॉल ६ आयर्नपेक्षा बराच खालून जातो. तो ग्रीनवर थांबणारही नाही. त्याच्या जागी २४-२५ अंशांचा हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) आणून हाच दहा बॉलांचा प्रयोग करा. हायब्रिडचं वजन खाली आणि मागे असल्यामुळे त्याच वेगाला बॉल उंच निघतो. कॅरी १५२-१५५ वर गेली तर ५ आयर्न कपाटात. एकाच्या जागी एक आल्याने चौदा क्लबांची मर्यादा मोडत नाही, मात्र बॅग आधीच भरलेली असेल तर त्या नव्या वेजसाठी आणखी एक क्लब काढावा लागेल.

निघण्याच्या दिशेचा उपयोग लाय अँगल (क्लबचा दांडा जमिनीशी करतो तो कोन) तपासायलाही होतो, फक्त त्याला एका मार्करची जोड लागते. समजा उजव्या हाताच्या खेळाडूचे छोटे आयर्न सातत्याने २-३ अंश डावीकडे निघतायत. पुसला जाणारा मार्कर घेऊन बॉलवर एक जाड उभी रेघ मारा, रेघ क्लबफेसकडे करून बॉल ठेवा आणि नेहमीचा फटका मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. तो ग्रूव्हना (फेसवरच्या आडव्या खाचांना) काटकोनात असेल तर लाय ठीक. ठशाचं वरचं टोक 'टो'च्या बाजूला, म्हणजे दांड्यापासून लांबच्या कडेकडे, झुकलेलं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, आणि बॉल डावीकडे निघण्याचं ते एक सरळ कारण आहे. हीलकडे, म्हणजे दांड्याजवळच्या कडेकडे, झुकलं तर उलट. लाय वाकवून घेणं क्लब दुरुस्त करणाऱ्याचं अर्ध्या तासाचं काम असतं. कास्ट आयर्नपेक्षा फोर्ज्ड आयर्न जास्त सहज वाकतं, एवढं ध्यानात असू द्या. रडारला लाय दिसत नाही. तो फक्त सांगतो की काहीतरी डावीकडे ओढतंय.

ड्रायव्हरसाठी तीनच आकडे बघा: बॉलचा वेग, लाँच अँगल, कॅरी. क्लबचा वेग ९० मैलांच्या आसपास असणाऱ्याला १३ ते १५ अंशांचा लाँच साधारण मानवतो. बहुतेकांचा ९-१० दिसतो, कारण क्लब वरून खाली येतो आणि लॉफ्टही कमी घेतलेला असतो. लगेच स्लीव्ह (दांडा आणि डोकं जोडणारा, फिरवून लॉफ्ट बदलता येणारा भाग) फिरवायला घेऊ नका. आधी टी उंच करा, इतकी की बॉलचा निम्मा भाग क्लबच्या वरच्या कडेवर दिसेल, आणि बॉल पुढच्या टाचेच्या रेषेत आणा. दहा फटके. मग फेसवर पायाला मारायचा पावडर स्प्रे फवारा आणि ठसे कुठे पडतायत ते बघा. ठसे हीलजवळ आणि बॉलचा वेग कमी, म्हणजे हरवलेले यार्ड तिथे आहेत. एवढं करूनही लाँच खालीच राहिला तर स्लीव्हने लॉफ्ट १ अंश वाढवा. त्याने फेसही किंचित बंद होतो, त्यामुळे स्लाइसवाल्याला (उजव्या हाताने खेळताना ज्याचा बॉल उजवीकडे वळतो) दुहेरी फायदा आणि हुकवाल्याला (ज्याचा डावीकडे वळतो) नवी डोकेदुखी.

स्पिनचं काय? ८-१० फुटांच्या उड्डाणात या रडारला बॉलचं फिरणं खात्रीने पकडता येत नाही. घरात दिसणारा स्पिन हा बहुतांशी गणिती अंदाज असतो. आयर्नसाठी क्लबचा नंबर गुणिले हजार हा ढोबळ नियम आहे, ७ आयर्नला मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या आसपास. फोनवर त्याच्या जवळपासचा आकडा बघून बॉल बदलायचा निर्णय घेऊ नका. युरेथेन कव्हरचा बॉल आणि आयोनोमर कव्हरचा बॉल यांच्यातला फरक वेजने ग्रीनजवळ कळतो, आणि नेमक्या त्याच छोट्या फटक्यांत हे यंत्र सगळ्यात अधू आहे. मंद चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) तर बऱ्याचदा नोंदलाच जात नाही. पटिंग ते मोजतच नाही.

रेंजच्या बॉलवर काढलेला तक्ता कोर्सवर जसाच्या तसा नेणं हाही नेहमीचा घोटाळा आहे. झिजलेला किंवा मुद्दाम कमी उडणारा बॉल पाच ते दहा टक्के आखूड जाऊ शकतो. तुम्ही खेळता तेच डझनभर बॉल घेऊन नेटमध्ये तक्ता करा, किंवा मोकळ्या रेंजवर ७ आयर्नने दोन्ही बॉल आलटून पालटून मारून फरकाची टक्केवारी काढा आणि बाकीच्या क्लबांना लावा. उंचीवरच्या कोर्सवर जाणार असाल तर समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना सव्वा टक्क्याच्या आतबाहेर अंतर वाढतं: ५,००० फुटांवर १५० यार्डांचा क्लब साधारण १५९ जातो.

बॅटरी दहा तासांपर्यंत चालते, पाण्याचा त्रास नाही, फोन मात्र हवाच. यंत्रावर पडदा नाही आणि ऊन चढलं की फोन तापतो. अ‍ॅपमधला सराव भाग पुरेसा आहे. जगभरचे कोर्स खेळण्यासाठी वेगळं सभासदत्व लागतं आणि तक्ता करण्यासाठी त्याची काहीच गरज नाही. मागे बसत असल्याने डावखुरा आणि उजवा खेळाडू एकापाठोपाठ मारू शकतात, यंत्र हलवावं लागत नाही. बॉलच्या बाजूला बसणाऱ्या कॅमेरावाल्या यंत्रांत ती सोय नसते.

फक्त वेग आणि ढोबळ कॅरी हवी असेल, फोनची कटकट नको असेल, तर पीआरजीआरचा छोटा रडार पुरतो. स्पिन खरोखरच मोजायचा आहे आणि जागा आहे, तर रॅप्सोडोचा एमएलएम२प्रो बघा. त्यात रडारसोबत कॅमेरे आहेत, पण स्पिनसाठी खुणा छापलेले खास बॉल वापरावे लागतात. खोली आखूड असेल तर बाजूला बसणारं कॅमेरावालं यंत्रच घ्यावं लागेल आणि खिसा बराच जास्त रिकामा होईल. आणि ज्याचे दहापैकी पाच फटके अजून टॉप होतायत त्याने यांतलं काहीच न घेता तेच पैसे शिकवणीला लावावेत, तक्ता भरण्याइतके फटके नीट बसू लागले की आर१० कुठे पळून जात नाही.