फोनवर समुपदेशन की जिल्हा रुग्णालयाची ओपीडी?

गावातून मानसोपचाराला जायचं म्हटलं की आधी एसटीचं भाडं आणि बुडणारी रोजंदारी आठवते. 'टेली-मानस' ही सरकारची फोनवरून समुपदेशन देणारी सेवा हा खर्च वाचवते. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेल्या या सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. शिवाय दवाखान्याच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती नाही. झोप उडालेली, कर्जाची काळजी, मरणाचे विचार: अशा वेळी थांबू नका, आधी हाच नंबर लावा.

पण घरात एकच मोबाइल, तोही नवऱ्याच्या खिशात असेल, तर सुनेने बोलायचं कुठे? गोठ्यामागे उभं राहून, दबक्या आवाजात? तिला ओपीडीतलं बंद दार जास्त मोकळं करतं.

भास होत असतील किंवा माणूस खातपीत नसेल, तर प्रत्यक्षच न्या. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर देतात त्या लिथियमसारख्या गोळीला वेळोवेळी रक्ततपासणी लागते, ती फोनवर होत नाही.

माझं मत विचाराल तर सुरुवात फोनने करावी. औषध लागलं तर पहिली भेट समोरासमोर व्हावी, आणि सोबत आशाताईंना न्यावं.