पाच लिटरचा पाण्याचा जग, अख्खा उन्हाळा वापरून: जग चांगला, तोटी भंगार

आतून स्टील, मध्ये पफ (गारवा टिकवणारा फोम), वर पट्टा, खाली तोटी, तोच तो जग, तुम्ही पण बघितलेला असणार त्यामुळे खोक्यावरचं परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते तोटीबद्दल. जगाबद्दल पण बोलेन पण आधी तोटी, कारण या तोटीने आमच्या गाडीची डिकी धुवून काढलीये आणि वर कस्टमर केअरच्या पोराने "मॅडम टॅप वॉरंटीत येत नाही" असं ऐकवलंय.

घेतला कशाला ते थोडक्यात. सुट्टी लागली की रविवारी पहाटे निघायचं, कधी पुण्यातलीच तळजाई टेकडी, कधी सिंहगड, कधी नवऱ्याचं क्रिकेट आणि आम्ही बाकीचे झाडाखाली. बरोबर दोन पोरं आणि सासूसासरे. दरवेळी कटकट पाण्यावरून. बाटल्या कोमट होतात, धाकटा "तहान नाही" म्हणत लालबुंद होईपर्यंत पळतो. सासऱ्यांची बीपीची गोळी लघवीवाली, त्यात वयामुळे तहान कळत नाही, डॉक्टर म्हणाले तहान लागायची वाटच बघू नका. आणि सासूबाई पाणी पीतच नाहीत, कारण "मग जायचं कुठे?" बरोबरच आहे त्यांचं, गडावर आणि ग्राउंडवर बायकांचे हाल काय असतात ते वेगळं सांगायला नको. त्यावर कुठल्याही जगाकडे उपाय नाही, आम्ही आता रस्त्यात कुठल्या पंपावरचं टॉयलेट बरं आहे ते आधी ठरवतो आणि मगच त्यांना पाण्याचा आग्रह करतो.

तर जग आला आणि पहिला महिना मी दिसेल त्याला घ्या घ्या म्हणत सुटले होते. पहाटे बर्फ टाकून भरला की दुपारी घरी येईपर्यंत पाणी गार. पण गारव्याचं एवढं कौतुक नाही मला. डिकीच्या कडेला ठेवला की तोटी बरोबर धाकट्याच्या हाताला येते, आणि पोरं आपणहून यायला लागली. दाबलं, प्यायलं, पळालं. आईला हाक नाही, झाकण उघडून दे नाही. लहान मुलांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि घाम येऊन थंड होणंही त्यांना मोठ्यांइतकं जमत नाही, त्यामुळे खेळताखेळता दोन घोट जात राहणं हेच खरं, एकदम घरी येऊन अर्धी बाटली ढोसून उपयोग नाही. हे काम त्या तोटीने केलं, मी वर्षानुवर्षं ओरडून झालं नव्हतं.

आणि म्हणूनच तोटीचा जास्त राग आहे.

पहिली भानगड हवेची. झाकण गच्च लावलं की आत हवा जात नाही आणि थोडं पाणी आलं की धार बंद. झाकणावर एक छोटं बटण आहे, ते वर ओढून ठेवायचं असतं. पुस्तिकेत याबद्दल चकार शब्द नाही. आमच्या मोठीने तळजाईला जाहीर करून टाकलं की पाणी संपलं, सगळ्यांनी विश्वास ठेवला, सासरे तसेच कोरड्या घशाने बसून राहिले, आणि घरी येऊन जग उचलला तर अर्धा भरलेला! आता त्या बटणाला लाल नेलपॉलिश लावलंय आणि पोरांना सांगितलंय, लाल वर दिसलं पाहिजे. गाडी चालू असताना मात्र ते दाबून ठेवा नाहीतर वळणावर वरून हिंदकळतं.

दुसरी, सब्जा. लिंबू सरबतात हौसेने सब्जा घातला आणि तोटी चोंदली. दातकोरणीने काढत बसले. सरबत, कोकम, ताक काही घालू नका यात, वासही जात नाही. साधं पाणीच.

तिसरी म्हणजे गळती. तोटी आतून एका प्लास्टिकच्या नटाने आवळलेली असते आणि दोन्हीकडे रुपयाच्या नाण्याएवढा रबरी वायसर. त्यातला आतला वायसर कंपनीतूनच एका बाजूला चिमटून बसवलेला. घरात ओट्यावर थेंबसुद्धा नाही, पण गाडीत हादरे बसले की बारीक धार. एप्रिलमध्ये सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडीला पोचलो तर पार्किंगमध्येच कळलं, तळाला पेलाभर पाणी उरलंय आणि डिकीचं कार्पेट चिंब. भर उन्हात पायवाटेने दोन म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन कोण चढणार, गुमान गाडीने वर गेलो, गडावरच्या देवटाक्यापाशी जरा बसलो, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, ताक झालं आणि परत. दिवस वाईट गेला असं नाही, पण एवढे अकराशे रुपये मोजून पाणी विकत घ्यायचं म्हणजे!

मग कंपनीला फोन. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. म्हणे टॅप हा कन्झ्युमेबल पार्ट आहे. म्हणलं मी तोटी खाल्ली का? मग म्हणे अख्खा जग स्वखर्चाने कुरियर करा. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ ला तक्रार टाकते म्हणल्यावर एकदम सूर बदलला, नवीन तोटी पाठवतो म्हणाले, आणि पाठवली. चुकीच्या मापाची.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलेलं आणि "अजिबात घेऊ नका" असं शेवटी टाकणार होते. आता जून आहे आणि मत बदललंय. बोहरी आळीत एका दुकानात जुना वायसर नेऊन दाखवला, काकांनी ड्रॉवर उघडला, मागे न बघता दोन काढून दिले, वीस रुपये. घरी आणून बसवला, नट हाताने आवळला (पक्कड लावू नका, प्लास्टिक तडकतं), रात्रभर जुन्या पेपरवर भरून ठेवला, सकाळी पेपर कोरडा. तेव्हापासून आजपर्यंत थेंब नाही. दहा रुपयांच्या वायसरने दोन महिने डोकं खाल्लं माझं.

बर्फाचं एक. निळसर बर्फ कुठूनही आणून यात टाकू नका, निळा रंग हा खायचा बर्फ नाही हे कळावं म्हणूनच घालतात. आम्ही घरीच स्टीलच्या डब्यात लादी लावतो.

आणि ओआरएस (अंगातलं पाणी कमी झालं की देतात ती मीठ-साखरेची पावडर) जगात मिसळू नका, पाकीट सुटं ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरला, कमी पाण्यात घट्ट करून द्यायचं नाही, केलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. टेट्रापॅकमधलं गोड पाणी ओआरएस म्हणून घेत असाल तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, असल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी घातलीये, जुना माल बघून घ्या.

सासऱ्यांचं म्हणणं, आमच्या वेळी कुठे होते जग, उन्हाळा काय आज आलाय का, पुण्याचा ४३.३ अंशांचा विक्रम ३० एप्रिल १८९७ चा आहे. आकडा बरोबर आहे, पण हवामान खातं मोजतं ते सावलीत, पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरवर. ग्राउंडवरचं पोर काही पेटीत नसतं. त्यामुळे बारा ते तीन घरात, यावर जग असो नसो तडजोड नाही. आणि कोणी उन्हात बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर पाणी पाजत बसू नका, सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ लावा. शुद्धीत नसेल त्याच्या तोंडात तर थेंबही घालायचा नाही. या कामाला मात्र डिकीत पाच लिटर असणं बरं पडतं.

घ्यायचा असेल तर ऑनलाइन नको, दुकानात घ्या, तिथेच पाणी भरायला लावा, जग हलवा, उलटासुलटा करा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि त्याच वेळी दोन जादा वायसर मागून घ्या.