चाकाची बोल्टाची भोकं लांबट झालीत? वेल्डच्या टेपर रिंगांचा माझा रिव्ह्यू

जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या डिस्कला (चाकाच्या मधला लोखंडी भाग, बोल्टाची भोकं यातच असतात) टेपर रिंगा बसवून घेतल्या, त्यांच्याबद्दल लिहितोय. रिंग म्हणजे माइल्ड स्टीलची जाड चकती, मधे भोक आणि नटासाठी तिरपी बैठक कापलेली. ती खराब झालेल्या भोकावर वेल्ड करतात, मग नट डिस्कऐवजी रिंगेत बसतो. तयार मिळतात, लेथवर पण करून घेता येतात. मी सगळ्या भोकांना बसवल्या, नांगरटीपासून भरलेल्या ट्रॉलीपर्यंत सगळी कामं झाली, सुरुवातीला एकदा परत आवळल्यावर नट जागचे हलले नाहीत. वस्तू चांगलीच आहे, पण सगळं बसवण्यावर आहे आणि विकणारे त्याबद्दल एक अक्षर सांगत नाहीत, म्हणून जरा लांबण लावतोय.

भोकं झिजतात कशामुळे ते आधी बघा. स्टड (ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा) चाकाला फिरवतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. नट आवळला की डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, घट्ट दाबली जाते आणि त्या दोन तोंडांमधल्या घर्षणातून ओढ चाकाला पोचते, स्टडचं काम फक्त दाबून धरायचं. नट थोडा जरी सैल पडला की घर्षण गेलं, मग पुढे-मागे करताना प्रत्येक वेळी डिस्कची कड स्टडवर आदळते आणि भोक अंडाकृती होत जातं. नटाखालून गंजाचे ओघळ दिसले किंवा भोकाजवळ लोखंड चकचकीत घासलेलं दिसलं तर समजा आत खेळ सुरू झालाय. हबच्या तोंडावर जाड रंग किंवा गंजाचे पापुद्रे राहिले तरी हेच होतं, ते दबून निघून जातात आणि नट आपोआप ढिला पडतो.

माझ्या एका भोकावर आधी कोणीतरी साधा वॉशर वेल्ड करून ठेवला होता. मला याचा खरंच राग येतो, कारण टेपर नट सपाट वॉशरवर नुसता कडेवर टेकतो, तो घट्ट राहणारच नाही. काही जण भोक वेल्डने भरून परत पाडतात, ते चुकीचं नाही, पण मागे तांब्याची पट्टी लावून भरावं लागतं, वेल्ड कडक लागला तर ड्रिल सरकतं, आणि शेवटी बैठक काउंटरसिंकने (भोकाचं तोंड तिरपं कापणारं ड्रिल) बरोबर कोनात कापावीच लागते. रिंगेत ती बैठक आधीच मशीनवर कापलेली असते, मला तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटला.

घेताना नट सोबत न्या. टेपर नट ६० अंशाचे असतात, ९० अंशाचे असतात, काही गोल बैठकीचे पण असतात. नटाच्या टेपरला मार्करची शाई लावून रिंगेत फिरवून बघा, शाई सगळीकडे सारखी पुसली गेली तर जोडी जमली, एकाच कडेला पुसली गेली तर ती रिंग परत द्या. गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका, जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीला वाईट. आणि रिंगेच्या जाडीएवढा स्टड कमी उरतो हे विसरू नका, नटात निदान स्टडच्या व्यासाएवढे आटे तरी जायलाच हवेत, नाहीतर लांब स्टड घ्या. आटे खाल्लेले जुने स्टड तर बदलाच, सगळेच्या सगळे.

आता सुरक्षेचं, इथे कोणाचंही ऐकू नका. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही, हवा काढली तरी नाही. उष्णतेने आत रबराचा जळाऊ वायू तयार होतो आणि टायर फुटून माणसं मेलीत. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकात डिस्क रिमपासून बोल्ट काढून सुटी होते, तशी असेल तर डिस्क तेवढी बाजूला काढा, एकत्र जोडलेली असेल तर टायर उतरवा. मागच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर चाक प्रचंड जड असतं, एकट्याने हात घालू नका. ट्रॅक्टर नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली भक्कम स्टँड लावा आणि दुसऱ्या चाकांना ठोकळे.

बसवताना माप काढून जागा ठरवण्यापेक्षा हबच साचा म्हणून वापरा. झिजलेल्या भोकांमुळे डिस्क इकडेतिकडे सरकते, म्हणून आधी ती मधोमध आणायची, कडेजवळ एक पक्की सळई उभी करून हब हाताने फिरवायचा आणि फट सगळीकडे सारखी येईपर्यंत डिस्क सरकवायची. मग रिंगा लावून टाकाऊ नटांनी आवळायच्या (वेल्डचे तुषार आट्यांत बसतात, चांगले नट खराब करू नका), बॅटरी सोडवायची, अर्थिंगचा चिमटा डिस्कलाच लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो, आणि फक्त टाके मारायचे, म्हणजे रिंग जागेवर धरून ठेवण्यापुरते वेल्डचे छोटे ठिपके. पूर्ण वेल्ड डिस्क खाली काढल्यावर, समोरासमोरची भोकं घेत, मधे थंड होऊ देत, नाहीतर डिस्क वाकते. हबकडच्या बाजूला वेल्ड उतरला असेल तर घासून सपाट करा, तिथे थोडाही उंचवटा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात.

सगळ्यांनी घ्याव्यात असं नाही. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत तडा गेला असेल तर डिस्क बदला, रिंग तडा थांबवत नाही. तडा डोळ्यांना दिसत नसेल तर तडा शोधायचा लाल डाय मारा, मुरू द्या, पुसून घ्या आणि वर पांढरा डेव्हलपर मारून बघा, तड्याची लाल रेघ उमटते. बिडाच्या सेंटरवर या रिंगा चालत नाहीत, बीड साध्या रॉडने वेल्ड केलं की शेजारीच तडकतं, तिथे भोक मोठं बोअर करून आतून बुश (लोखंडी नळीचा तुकडा) ठोकणं बरं. आणि एकच भोक किंचित लांबट असेल, बैठक बऱ्यापैकी शाबूत असेल तर ते एकच भरून दुरुस्त होतं, सगळ्या रिंगांचा खटाटोप नको.

मला खटकलेल्या दोन गोष्टी. कोन किती ते रिंगेवरही नाही आणि पाकिटावरही नाही, हे तरी छापायला काय हरकत आहे? आणि दोन रिंगांच्या भोकाला आतून बर (कापताना राहिलेली खरबरीत कड) होती, फाईलने काढावी लागली, न बघता बसवली असती तर नट पूर्ण टेकलाच नसता. बाकी माल भरीव आहे, वेल्ड छान धरतो.

बसवल्यावर टॉर्क (नट आवळायचा जोर) मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच, समोरासमोरचे नट आलटून पालटून, टॉर्क रेंचनेच. पहिल्या तासाभराच्या कामानंतर परत आवळा, दहा तासांनी परत, मग काही दिवस रोज सकाळी हात फिरवून बघा. माझे पहिल्या वेळी थोडे फिरले, नंतर नाही.