रेडशिफ्टचा शॉकस्टॉप सीटपोस्ट: रिकाम्या सीटचं माप इथे चालत नाही

उखडलेलं डांबर, मोकळी खडी, रस्ता खणून कसेबसे बुजवलेले चर. अशा रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याची कंबर आणि बैठक लवकरच कुरकुरायला लागते, आणि मग धक्के शोषणाऱ्या सस्पेन्शनवाल्या सीटपोस्टचा, म्हणजे सीट फ्रेमला जोडणाऱ्या नळीचा, शोध सुरू होतो. त्या जातीतला रेडशिफ्ट कंपनीचा शॉकस्टॉप हा चांगला सीटपोस्ट आहे, हे आधीच सांगून टाकू. तरीही तो बसवल्यावर गुडघे दुखायला लागले म्हणून काढून ठेवणारे भेटतात. अशा वेळी दोष बहुधा सीटपोस्टचा नसतो. सीटची उंची जुन्याच पद्धतीने, कुणी बसलेलं नसताना मोजलेली असते.

रचना थोडक्यात अशी. नळीच्या आत स्प्रिंग आहे आणि वरच्या टोकाला समांतर कड्यांची जोडणी. धक्का बसला की सीट 35 मिमीपर्यंत मागे आणि खाली सरकते, पण तिचा कल बदलत नाही. नळीत नळी सरकणारे साधे स्वस्त सीटपोस्ट इथे मागे पडतात. बसणाऱ्याचं वजन तिरकं पडतं, त्यामुळे त्यांच्या नळ्या एकमेकींत घासून अडकतात. मोठा खड्डा ते सोसतात, बारीक थरथर मात्र जशीच्या तशी वर पोहोचते. शिवाय काही दिवसांनी सीट डावी-उजवीकडे हलायला लागते. कड्यांच्या जोडणीत अडकणं फारच कमी, म्हणून खडबडीत डांबराची सततची थरथरही गाळली जाते. लांबच्या प्रवासात थकवा आणते ती हीच थरथर.

हा सीटपोस्ट 27.2 मिमी व्यासाचा आहे. फ्रेमचं भोक मोठं असेल तर शिम, म्हणजे मधली फट भरणारी पातळ नळी, घालून बसतो. इंग्रजी डीच्या आकाराच्या किंवा चपट्या पोस्टची फ्रेम असेल तर विषय तिथेच संपला. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे साध्या अॅल्युमिनियम पोस्टपेक्षा दोनेकशे ग्रॅम जास्त. ज्यांना हे खटकतं त्यांचा रस्ता बहुधा गुळगुळीत असावा.

खर्च करण्याआधी टायरची हवा तपासा. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असलेल्या 40 मिमी टायरमध्ये मागे 40 आणि पुढे 36 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी आणि एका वेळी 2 ते 3 पीएसआय कमी करत जावं. खड्ड्यात रिम आपटल्याचा ठक्क आवाज आला किंवा वळणावर मागचा टायर लोळल्यासारखा वाटला, की एक पायरी वर यावं. टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्याएवढी हवा ठासून वर महागडा सीटपोस्ट लावणाऱ्याला फरक निम्माच जाणवेल.

आता मुख्य काम. जुना पोस्ट काढण्यापूर्वी तीन मापं लिहून घ्या: बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या टोकाला ओळंबा लावून बॉटम ब्रॅकेटच्या मागे ते टोक किती आहे ते, आणि टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर. ही मापं मुळात बरोबर आहेत का, तेही याच वेळी पाहावं. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंशांत वाकलेला हवा. कोनमापक नसेल तर टाच पॅडलवर ठेवून पाय जेमतेम सरळ होतो का ते बघा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा जास्त पुढे आहे. मागून दुखत असेल तर वर किंवा मागे. पॅडल मारताना नितंब डावीकडे-उजवीकडे डोलत असतील तर सीट नक्कीच उंच आहे. खराब रस्त्यासाठी आपल्या कमाल उंचीपेक्षा 3 ते 5 मिमी खालीच राहावं असं आमचं मत आहे, कारण सीटवरून पटकन उठावं-बसावं लागतं.

नवा पोस्ट बसवल्यावर सायकल भिंतीला टेकवा, नेहमीचे बूट घाला, हात नेहमीच्या जागी ठेवा आणि दोन-चार वेळा उलटं पॅडल मारून शांत बसा. दुसऱ्या माणसाने सीटच्या रेलपासून (सीटखालच्या दोन दांड्यांपासून) सीटक्लॅम्पपर्यंतचं, म्हणजे फ्रेमवर पोस्ट आवळणाऱ्या पट्टीपर्यंतचं, अंतर आधी रिकामं आणि मग बसलेलं असताना मोजावं. हा फरक म्हणजे सॅग. 35 मिमीपैकी 7 ते 8 मिमी दबलं तर उत्तम. 12 मिमी दबत असेल तर स्प्रिंग मऊ पडते आहे, प्रत्येक पॅडलला सीट झुलेल आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आपटेल. 3-4 मिमीच दबत असेल तर पैसे देऊन साधा पोस्टच घेतल्यासारखं झालं.

स्प्रिंगचा ताण, म्हणजे प्रीलोड, खालच्या टोकाच्या बुचाने कमी-जास्त होतो. त्यासाठी दर वेळी अख्खा पोस्ट फ्रेममधून बाहेर काढावा लागतो, आणि ही या सीटपोस्टची आम्हाला सर्वांत न आवडलेली गोष्ट. क्लॅम्पच्या रेषेवर चिकटपट्टी लावल्याशिवाय तो बाहेर काढू नका, नाहीतर उंची पुन्हा शोधत बसाल. वजन जास्त असेल तर मुख्य स्प्रिंगच्या आत बसणारी दुसरी स्प्रिंग घालावी लागते. एकट्या मुख्य स्प्रिंगवर प्रीलोड कमाल पिळून भागवू नये. सुरुवातीची हालचाल गोठते आणि बारीक थरथर परत येते.

सॅग जमल्यावरच उंची लावा. लिहून ठेवलेलं माप माणूस बसलेला असताना जुळलं पाहिजे. म्हणजे रिकामी सीट जुन्यापेक्षा साधारण 5 ते 7 मिमी वर दिसेल. सीट दबताना मागेही जाते, त्यामुळे ओळंब्याचं मापही बसलेल्या स्थितीत घ्यावं आणि सीट रेलवर काही मिलीमीटर पुढे आणावी. हे राहिलं तर हँडल लांब वाटतं, कोपरं ताठ होतात आणि रस्त्याचा मार खांद्यांत जातो. सीट सपाट ठेवा, फार तर टोक 2 अंश खाली. त्याहून जास्त झुकवली की माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो.

तळहातांचं निघालंच आहे तर: करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर या सीटपोस्टकडून काहीही अपेक्षा ठेवू नका. ते काम पुढच्या टायरचं, हँडलच्या उंचीचं आणि हँडलवर गुंडाळायच्या जाड टेपचं. स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) 10 मिमीचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, वाढवला तर हँडल वर येतं आणि पुढची नळी तिरकी असल्याने सुमारे 3 मिमी जवळही येतं. मात्र हँडल जितकं वर, तितका भार सीटवर. त्यामुळे ताठ बसून चालवणाऱ्याला शॉकस्टॉपचा फायदा वाकून चालवणाऱ्यापेक्षा जास्त मिळतो. खडी लागली की उभं राहून चालवणाऱ्याला जवळपास नाहीच.

याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखे दोन पर्याय केन क्रीकचे आहेत. थडबस्टर एसटी 50 मिमी आणि एलटी 90 मिमी दबतो. दोन्हींत स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारखा लवचीक ठोकळा, असतो आणि तो थंडीत कडक होतो. कच्च्या वाटेवर ओझं घेऊन सावकाश जाणाऱ्याने थडबस्टरच घ्यावा. दुसरा पर्याय ईईसिल्क हलका, पण त्याची हालचाल फक्त 20 मिमी. रस्ता बरा असून नुसती थरथर असेल तर तेवढी पुरते.

फ्रेममध्ये घालताना अॅल्युमिनियम फ्रेमला ग्रीस, कार्बन फ्रेमला कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा लेप). क्लॅम्प त्यावर छापलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळा, आणि पोस्टवरची किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये. छोट्या उंचीच्या माणसांनी सीटच्या रेल आणि क्लॅम्पमधलं अंतर आधी मोजून घ्यावं, कारण कड्यांची जोडणी बरीच जागा खाते. पोस्टभोवती पट्टा गुंडाळणारी पिशवी चालणार नाही, पट्टा कड्यांत सापडतो; फक्त रेलला लटकणारी घ्या आणि सीट पूर्ण दबली तरी ती चाकाला लागत नाही ना ते पाहा. पावसानंतर करकर आवाज आला तर सांध्यांतली माती ओल्या फडक्याने पुसा, दाबाच्या पाण्याने नाही. अधूनमधून सीटचं टोक धरून डावी-उजवीकडे पिळून बघावं. खट्ट असा ढिलेपणा जाणवला तर आधी रेलचे बोल्ट तपासा, मग सांध्यांचे.