शंकूला हूल देता येत नाही: शाळेत ड्रिबलिंग शिकवायच्या तीन पद्धती

४० मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांचा पी.टी.चा तास आणि हवा धरणारे ८ चेंडू. शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्याचा हिशेब इथून सुरू होतो. रांगेने मैदानावर जाणं, हजेरी, शेवटी पाणी पिणं वजा केलं की हातात २० मिनिटं उरतात. तेवढ्यात पाचवी ते आठवीच्या मुलांना ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू पायाशी ठेवत समोरच्याला चकवून पुढे नेणं, शिकवायचं, तर तीन पद्धती समोर असतात. शंकू मांडून त्यांच्यामधून चेंडू न्यायला लावायचा. किंवा प्रत्येकाला चेंडू देऊन पायात घोळवायला लावायचा. किंवा समोर जिताजागता प्रतिस्पर्धी उभा करून एकास एक, तीनास तीन असे छोटे डाव लावायचे. मी तिन्ही करून पाहिल्या आहेत आणि तिसरीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो.

कोल्हापुरात मुलांना ओढ लावावी लागत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत ती मोठी होतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांच्यावरून वर्गात वाद चालतात. कुणी फॉरवर्ड दोघांना डॉज, म्हणजे हूल, देऊन आत घुसला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तेच करायचा प्रयत्न सुरू असतो. ही ओढ रांगेत उभी करून वाळवू नये, एवढं आपल्या हातात आहे.

शंकूंचा हिशेब बघा. चार रांगा, एका रांगेत १० मुलं, पुढे सहा-सात शंकू. जाऊन यायला साधारण २० सेकंद. २० मिनिटांत एकेका मुलाची पाळी ६ वेळा येते, म्हणजे चेंडू त्याच्या पायाशी जेमतेम २ मिनिटं. उरलेली १८ मिनिटं तो पुढच्याचा शर्ट ओढतो. तरीही शंकूंना अजिबात अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. ज्याने कधी चेंडूला पाय लावलेला नाही, त्याला पावलाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने हलके स्पर्श करत वळणं इथे निवांत जमतं. कुणी अंगावर येत नाही. एकट्या शिक्षकाला सगळ्यांवर नजर ठेवता येते. नवख्या वर्गाचा पहिला आठवडा यात जायला हरकत नाही.

खरी अडचण वेळेची नाही, शंकूची आहे. कबड्डीतला चढाईपटू एका बाजूला हूल देतो आणि दुसऱ्या बाजूचा गडी टिपतो, कारण समोरची साखळी त्या हुलीला हलते. ड्रिबलिंग म्हणजे हेच, फक्त पायात चेंडू असतो. खांदा डावीकडे टाकायचा, समोरच्याने तिकडे वजन टाकलं की त्याच क्षणी उजवीकडे चेंडू ढकलून वेग वाढवायचा. तो क्षण ओळखणं हे सगळ्यात अवघड काम, आणि शंकू कधी कुठे वजन टाकतच नाही. सातवीतला माझा एक विद्यार्थी शंकूंमधून सगळ्यांत वेगाने जायचा. आंतरशालेय सामन्यात पहिलाच चेंडू मिळाला आणि मान खाली घालून तो थेट बचावपटूच्या पायात गेला. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. चूक त्याची नव्हती. मी त्याला महिनाभर जमिनीकडे बघायला शिकवलं होतं.

शंकूंवर प्रगती लवकर दिसते, म्हणून आपण फसतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटून मगच पुढची घेतली, दुसऱ्याने त्याच हालचाली मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी तपासलं तेव्हा दुसऱ्या गटाच्या जास्त लक्षात राहिलं होतं. तो प्रयोग फुटबॉलचा नव्हता, पण मैदानावर मी हेच पाहिलं आहे.

दुसरी पद्धत, प्रत्येकाच्या पायाशी चेंडू. हिला मोठं केलं नेदरलँड्सच्या वील कूर्व्हर या प्रशिक्षकाने. १९७४ मध्ये तिथल्या फेयेनूर्ड संघाला यूएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकून देणारा हा माणूस. मोठ्या खेळाडूंच्या चाली सुट्या करून त्या मुलांकडून घोटून घेता येतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच वर्षीच्या विश्वचषकात योहान क्रायफने स्वीडनविरुद्ध घेतलेली गिरकी अशीच सुटी करून शिकवता येते: मारण्याचा आव आणायचा, चेंडू आतल्या बाजूने स्वतःच्याच टेकत्या पायामागून ओढायचा आणि उलटं निघायचं. दहा-बारा वर्षांची मुलं ही चाल दोन-तीन तासिकांत उचलतात आणि तिच्यावर जीव टाकतात. मान वर राहावी म्हणून मी मध्येच हाताची बोटं दाखवतो. किती ते चेंडू न सोडता ओरडून सांगायचं.

पण ४० मुलांत ८ चेंडू असतील तर ५ जणांत एक, म्हणजे प्रत्येकी ४ मिनिटं, तीही प्रतिस्पर्ध्याशिवाय. म्हणून ही पद्धत मी गृहपाठाला दिली आहे. अंगणात, जिन्याखाली, साधा रबरी चेंडू घेऊन रोज ५ मिनिटं तळव्याने पुढे-मागे, चवड्याने टकटक. शाळेत चेंडू भरपूर असतील तर ती वर्गातही उत्तम चालेल. मात्र १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा, म्हणजे आकाराने लहान, चेंडू घ्या. ५ नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, आणि पाचवीतल्या बारक्या पायाला तो घोळवता येत नाही, ढकलावा लागतो.

आता तिसरी. त्याच ८ चेंडूंत ५-५ जणांचे आठ गट करा. फक्कीने १० पावलांचे चौकोन आखा, गोल म्हणून दोन चपला. दोघं खेळतात, तिघं थांबतात, दर अर्ध्या मिनिटाला बदल. एकास एक खेळताना त्याहून जास्त दम टिकत नाही. २० मिनिटांत प्रत्येकाला ८ मिनिटं खेळ मिळतो. त्यातली निम्मी चेंडू आपल्याकडे धरली तरी ४ मिनिटं झाली, शंकूंच्या दुप्पट, आणि प्रत्येक क्षणी समोर माणूस. तीनास तीनमध्ये चेंडू तेवढा मिळत नाही, कारण सहा जणांत तो वाटला जातो. पण पास द्यायचा की डॉज मारायचा हा निर्णय तिथेच शिकता येतो. होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने यासाठी चार छोट्या गोलांचा डाव बसवला: प्रत्येक संघाला हल्ल्यासाठी दोन गोल, आणि गोल मारायचा तो शेवटच्या ६ मीटरच्या पट्ट्यात शिरूनच. लांबून फटका चालत नसल्यामुळे एका गोलाकडे हूल देऊन दुसरीकडे वळावंच लागतं. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून अगदी लहान वयोगटांना असेच छोटे सामने लागू केले. आपली मुलं त्यांच्याहून वयाने मोठी असली, तरी पाचवीत पहिल्यांदा चेंडू लावणाऱ्याला तीच पायरी लागते.

या पद्धतीत शिक्षकाची कसोटी लागते. आठ चौकोनांत गोंगाट होतो, नडग्यांना लाथा बसतात. नडगीवर बांधायचे शिनगार्ड नसतील तर मागून पाय घालणाऱ्याला लगेच बाहेर बसवा. त्याहून नाजूक गोष्ट जोड्यांची. जो प्रत्येक वेळी हरतो तो चौथ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून झाडाखाली बसतो. त्यामुळे ‘जिंकेल तो राहील’ हा नियम नको, त्यात ज्याला सरावाची गरज आहे तोच बाहेर राहतो. चौकोन ओळीने मांडा. थोड्या थोड्या वेळाने गटातला सगळ्यात सरस एक चौकोन वर जाईल, मागे पडलेला एक खाली येईल. दोन तासांत सारख्या ताकदीची मुलं आपोआप एकत्र येतात. मुलींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. मिश्र सामन्यात मुलं त्यांना पास देत नाहीत आणि त्या कडेला उभ्या राहतात. एकास एकमध्ये चेंडू त्यांच्याकडे येणारच. सहावीतल्या दोन मुली माझ्या ओळीत महिन्याभरात वरच्या चौकोनापर्यंत पोचल्या, आणि मग मोठ्या सामन्यात त्यांना पास मिळू लागले.

मुलं अगदी घाबरत असतील तर बचाव करणाऱ्याला पहिले काही दिवस हात मागे बांधून फक्त चालायला सांगा. मग धावू द्या, पण चेंडू काढायचा नाही. मग सगळी मोकळीक.

शाळेला मैदान नसून सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट असेल तर फुटसालचा, म्हणजे छोट्या कोर्टवरच्या फुटबॉलचा, चेंडू मागवा. तो २ मीटरवरून टाकला तरी साधारण ५० ते ६५ सेंटीमीटरच उसळतो, तळव्याखाली राहतो आणि कठड्याबाहेर जाऊन तास खात नाही. आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असेल तर शंकू कपाटातच राहू द्या. पहिली ५ मिनिटं एकच चाल, पुढची १० एकास एक, शेवटची ५ तीनास तीन. तासाची घंटा झाल्यावरही कुणी चपलांचे गोल उचलायला तयार नसेल, तर पुढच्या तासालाही हेच लावा.