ठासणीच्या बंदुकीत अडकलेली गोळी: स्क्रू, गॅस, ग्रीस की सरळ बार?

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची जुनी बंदूक नावावर झाली आणि नळीत गोळी अडकलेली निघाली, की सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. एक म्हणतो, टोपी लाव आणि उडवून टाक. दुसरा म्हणतो, स्क्रू फिरवून ओढ. गॅरेजवाला ग्रीस गन पुढे करतो आणि मोबाइलवर बघून आलेला पुतण्या गॅसच्या नळकांडीचा व्हिडिओ दाखवतो. चारही उपाय खरे आहेत, कुठे ना कुठे चालतात. तुमच्या बंदुकीला कोणता चालेल हे मात्र दोन गोष्टींवर ठरतं: गोळीमागे दारू आहे का, आणि नळीवर किती भरवसा टाकता येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. जिची मागची हकिकत माहीत नाही अशा नळीत बार उडवणं हा यातला सगळ्यांत वाईट उपाय, आणि गावात सगळ्यांत आधी तोच सुचवला जातो.

पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी पट्ट्यात शेती संरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आहेत. रानडुकरं भुईमूग उकरतात म्हणून आजोबांनी परवाना काढलेला असतो. पुढे बंदूक वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहते. निवडणूक लागली, बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली, की मग कुणीतरी नळीत गज घालून बघतो आणि गज चार बोटं अलीकडेच थांबतो.

आधी नळीत काय आहे ते बघा

निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी घोडा जिथे आपटतो त्या भोकाच्या बोंडीवर, ठिणगी देणारी टोपी असेल तर ती आधी काढा. मग घोडा हळूच खाली सोडा आणि मध्ये कातड्याचा तुकडा ठेवा. आता नळीचं तोंड मोकळ्या दिशेला, आपण बाजूला, आणि गज दोन बोटांच्या चिमटीत धरून आत सोडायचा. तळहाताने दाबायचा नाही. थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलने खूण करा. गज बाहेर काढून तीच खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून धरा. रिकाम्या नळीत गजाचं टोक निपलच्या बुडाजवळ पोचतं. बोटाच्या जाडीएवढाच फरक पडला तर बहुधा नुसती गोळी आहे, दारू घालायलाच कुणी विसरलं. तीन-चार बोटं फरक असेल तर मागे दारू आहे असंच धरायचं. वीतभर असेल तर एकावर एक दोन बार भरलेत. हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 साली गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या बंदुकांत हजारो भरलेल्या निघाल्या आणि त्यातल्या कित्येकांत एकापेक्षा जास्त बार होते.

‘इतकी जुनी दारू, आता काय पेटणार?’ असं म्हणणाऱ्याला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली तोफ सांगावी. 1780 साली बुडालेल्या ब्रिटिश जहाजावरची ही तोफ 2013 मध्ये साफ करायला घेतली, तर आत गोळा आणि पाऊण किलोच्या वर दारू निघाली, तीही पेटण्याजोगी. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. यातलं काहीच वयानं मरत नाही. ओलावा लागला तर ती तेवढ्यापुरती गप्प बसते आणि वाळली की पुन्हा जिवंत होते.

म्हणून पुढचा कोणताही उपाय करायचा तरी आधी पाणी. नळीच्या तोंडातून ओतलेलं पाणी घट्ट गोळीच्या पलीकडे जाईलच असं नाही. निपल काढून, त्याच्या भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजने कोमट पाणी आत सोडायचं, बाहेर येऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. सोरा पाण्यात विरघळतो, तो धुऊन निघाला की राहिलेला कोळसा-गंधकाचा चिखल बार म्हणून निकामी. तेलावर विसंबू नका. गंजाने धरलेली गोळी सुटायला तेल उपयोगी पडतं, दारू मारायला नाही. निपल गंजून बसलं असेल आणि पान्याने हलत नसेल तर जोर करू नका, तिथून पुढचं काम कारागिराचं.

स्क्रू: स्वस्त, पण गोळी शिशाचीच हवी

गजाच्या टोकाला आटे असतात, त्यावर हा स्क्रू बसतो. लाकडात मारायच्या स्क्रूसारखंच टोक, आणि मागे नळीच्या व्यासाची पितळी कॉलर. ही कॉलर हवीच. तिच्यामुळे स्क्रू गोळीच्या मधोमध टेकतो. ती नसली तर टोक घसरून गोळी आणि नळी यांच्या फटीत शिरतं आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर, म्हणजे आट्यांवर, ओरखडे ओढतं. इथल्या बहुतेक बंदुकांची नळी आतून सपाट असते, आटे नसतात. तरी ओरखडा तो ओरखडाच, तिथेच पुढे गंज धरतो.

फिरवताना हाताला सगळं कळतं. आधी टोक घसरतं, मग चावतं, मग गज जड जड होत जातो. तिथे थांबून ओढायचं. ओढायची पद्धत महत्त्वाची आहे: गजाची मूठ खांबाला बांधायची आणि बंदूक आपल्याकडे ओढायची. असं केलं की नळीचं तोंड खांबाकडे राहतं आणि माणूस दस्त्याच्या मागे. याच्या उलट, बंदूक पायात धरून गज वर उपसणारे पाहिले की अंगावर काटा येतो.

गज लाकडी असेल तर या कामाला वापरूच नका. सुकलेलं लाकूड तिरकं फाटतं आणि त्याची टोकदार चीप तळहातात घुसते. पितळी किंवा स्टीलचा गज घ्या. टोकाची टोपी नुसती चिकटवलेली आहे की आरपार पिन मारलेली, तेही बघा. चिकटवलेली असली तर पहिल्याच हिसक्याला ती निसटते आणि नळीत एकाच्या जागी दोन वस्तू अडकतात.

स्क्रूची मर्यादाही स्पष्ट आहे. शिसं मऊ, त्यात आटे धरतात. पण आपल्याकडे हौशी माणसं सायकलच्या बेअरिंगचे छर्रे आणि लोखंडाचे तुकडेही ठासतात. त्यावर स्क्रू नुसता कुरकुरतो. छर्ऱ्यांचा बार असेल तर स्क्रूऐवजी दुहेरी वळणाचा आकडा लावा. तो वरच्या चिंध्यांत अडकवून चिंध्या ओढल्या की छर्रे बंदूक तिरकी करून ओतून घेता येतात. छर्ऱ्यांच्या बाराला हाच उपाय पहिला. ग्रीस-गॅसचा विचारच करायचा नाही, दोन्ही छर्ऱ्यांच्या फटींतून निसटून जातात.

गॅस आणि हवा: झटपट, पण गोळी मोकळी असेल तरच

परदेशात ठासणी वापरणारे कार्बन डायऑक्साइडची 12 ग्रॅमची नळकांडी असलेलं एक छोटं साधन वापरतात. निपलवर टेकवायचं, दाबायचं, ‘फट्’ करून गोळी बाहेर. नुकतीच ठासलेली गोळी काढायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. सातारा-सांगलीत ते दुकानात सहज मिळेल या भरवशावर राहू नका. मग टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आठवतो.

इथे थोडा हिशेब करू. नळीचा व्यास 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच धरला, तर गोळीमागचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. टायरच्या कॉम्प्रेसरचा 8 बार (इथे बार हे दाबाचं एकक) दाब तिच्यावर जेमतेम 10 किलोचा रेटा देतो. नळकांडीत साध्या तापमानाला 57 बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे फार तर 70 किलो, तोही पहिल्या क्षणाला. ताजी गोळी एवढ्यात निघते. वीस वर्षं गंजलेली कॉम्प्रेसरला हसते. शिवाय हवा दाबली जाते आणि सुटताना उसळते. गोळी निघाली तर वेगाने निघते, त्यामुळे नळीसमोर वाळूचं पोतं लागतं. दारू ओली केलेली नसेल तर तिची भुकटीही हवेबरोबर बाहेर उडते, आणि टायरच्या दुकानात ग्राइंडर चालू असतो हे विसरू नका. तेव्हा बंदूक घेऊन तिकडे जाऊच नका.

ग्रीस: वेळखाऊ, घाणेरडं आणि सगळ्यांत खात्रीचं

बंदुकीचं निपल काढून त्या जागी ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस गनचं तोंड ज्यावर बसतं तो तुकडा, बसवायचं आणि ट्रॅक्टरला मारतो तसं ग्रीस मारायचं. हाताची साधी ग्रीस गन 200 बार दाब सहज देते. वरच्याच नळीत तो गोळीमागे 250 किलोच्या वर जातो. इतका जोर असूनही काम शांतपणे होतं, कारण ग्रीस हवेसारखं दबत नाही. गोळी हलली की दाब लगेच पडतो, पुढच्या पंपाला ती पुन्हा थोडी सरकते. जुनी नळी यात तडकलीच तर ग्रीस पाझरतं, तुकडे उडत नाहीत. मात्र आत हवेचा कप्पा राहायला नको. भिजवल्यावर आत राहिलेलं पाणी तसंच असू द्या आणि ग्रीस निपल शेवटच्या आट्यापर्यंत बसवण्याआधी थोडं ग्रीस भरून हवा बाहेर काढा. नळीसमोर पोतं इथेही ठेवायचंच.

ग्रीस किती लागतं? 76 सेंटिमीटर लांब, अर्धा इंची नळी पूर्ण भरली तरी 100 मिलिलीटरच्या आतच. बारा बोअरच्या जाडीची असेल तर दुप्पट. वाळवा-कराड पट्ट्यात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरमुळे ग्रीस गन दर तिसऱ्या गोठ्यात लटकलेली असते, तेव्हा अडचण साहित्याची नाही. अडचण आट्यांची आहे.

बऱ्याच परदेशी बंदुकांच्या निपलचे आटे पाव इंची, इंचाला 28 असे असतात. आपल्याकडे ट्रॅक्टरला सर्रास लागतं ते एम-6 चं ग्रीस निपल 6 मिलिमीटरचं, एक मिलिमीटर पिचचं, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेलं. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. एम-6 त्यात शिरतं, दोन फेरे फिरतंही, आणि बसलं असं वाटतं. दाब आला की ते आटे घेऊन बाहेर उडतं. समोर चेहरा असेल तर डोळा गेला. स्थानिक कारागिराने हाताने आटे पाडलेली जुनी बंदूक असेल तर तिला कोणतंच तयार निपल जुळणार नाही. अशा वेळी काढलेलं मूळ निपल लेथवाल्याला दाखवून त्याच आट्यांचा जोडतुकडा करून घ्यावा. त्याच्याकडे निपल न्यायचं, बंदूक नाही.

तोटा एकच: नंतरची साफसफाई. ग्रीस आणि दारूचा काळा चिखल काढायला डिझेल, चिंध्या आणि गरम साबणाचं पाणी यात अर्धा दिवस जातो. तरी नळीची हकिकत माहीत नसेल, गोळी एकसंध शिशाची असेल आणि स्क्रूला दाद देत नसेल, तर मी ग्रीसच निवडेन.

बार उडवणं

निपलच्या भोकातून चिमूटभर दारू सारायची, टोपी लावायची, उडवायचं. नव्या, तपासलेल्या नळीत, दारू घालायला विसरून ठासलेल्या गोळीसाठी जाणकार हे करतात. तेही गोळी गजाने पूर्ण बुडाशी बसवून घेतल्यावरच. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. आपल्या उदाहरणात गोळी कुठे गंजून बसली आहे, मागे एक बार आहे की दोन, नळीची भिंत आतून किती खाल्ली आहे, यातलं काहीच माहीत नसतं. झाडाला बांधून दोरीने चाप ओढला तर माणूस वाचेल, बंदूक वाचेलच असं नाही. नळी तापवणं आणि ड्रिल मारणं यांची तर तुलनाही करायला नको, ती दोन्ही करायचीच नाहीत.

कारागीर आणि कायदा

नळीचं बूड उघडून मागून गोळी ढकलणं हा दिसायला सरळ मार्ग. पण जुन्या नळ्यांचं बूड उघडण्यासाठी बनवलेलंच नसतं, आणि पुन्हा बसवताना एक आटा हुकला तर पुढचा बार तोंडावर. हे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्यानेच करावं. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, वेल्डिंगवाल्या मित्राला तो नसतो. दुकानात आधी फोन करून विचारा, कारण काडतुसाच्या बंदुका विकणारा प्रत्येक जण ठासणीला हात लावतोच असं नाही. बंदूक भरलेली आहे हे तेव्हाच सांगा आणि शक्य असेल तर दारू धुऊनच न्या. परवानाधारकाला जाणं शक्य नसेल तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याला ती त्याच्या लेखी अधिकारपत्रावर नेता येते, नुसत्या तोंडी निरोपावर नाही.

परवानाधारक वारला असेल आणि वारसाच्या नावावर परवाना व्हायचा असेल, तर यातला एकही उपाय घरी करायचा नाही. बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते. ती भरलेली असल्याचा संशय असेल तर हलवण्याआधी ठाण्यात कळवावं आणि जमा करताना तसं लेखी द्यावं.

गोळी निघाल्यावर नळी धुऊन, कोरडी करून, बुडाशी छोटा दिवा सोडून तोंडातून बघा. गोळी बसली होती तिथे गंजाचं कडं दिसेल. बारीक टिपके असतील तर चालतं. नख अडकेल इतका खड्डा दिसला, किंवा बाहेरून बोट फिरवताना नळी कुठे फुगीर लागली, तर कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात पुन्हा दारू घालू नका. धुऊन निघालेला काळा चिखल चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत जाऊ देऊ नका. भरपूर पाणी घालून तो मोकळ्या मातीत जिरवा.