‘४२’ बघाच, बेसबॉल कळत नसला तरी

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी परवा रात्री २०१३ चा ‘४२’ हा सिनेमा लावला आणि संपल्यावर बराच वेळ झोपच लागली नाही. अमेरिकन बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनची गोष्ट आहे. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचाच नाही हे कुठे लिहिलेलं नव्हतं पण सगळे पाळायचे, ते मोडून १५ एप्रिल १९४७ ला हा ब्रुकलिन डॉजर्स या टीमकडून मैदानात उतरला.

मला सगळ्यात लागलेला सीन मैदानावरचा नाहीच, पेट्रोल पंपावरचा आहे. डॉजर्समध्ये येण्याआधी तो ज्यात खेळायचा त्या कृष्णवर्णीयांच्या टीमची बस तेल भरायला थांबते, रॉबिन्सन टॉयलेटकडे निघतो तर पंपवाला अडवतो, मग हा शांतपणे सांगतो की नळी काढ टाकीतून, आम्ही दुसरीकडे भरू. एवढं मोठं गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर तो गपचूप जाऊ देतो. यांचे पैसे चालतात, संडास वापरलेला चालत नाही. बघताना मला सारखे आपले जुने दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवत होते, पुण्यात त्यांनी काढलेल्या विकेटी टीमला हव्या असायच्या पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, तोही वेगळ्या मातीच्या भांड्यात! आणि हाच माणूस १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढून आला.

दुसरा सीन बेन चॅपमनचा, समोरच्या फिलाडेल्फिया टीमचा मॅनेजर. रॉबिन्सन बॅटिंगला उभा असताना हा बाहेर येऊन रंगावरून इतकं घाण बोलतो, थांबतच नाही, आणि उलट बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे रॉबिन्सन फक्त ऐकून घेतो, मग आतल्या बोगद्यात जाऊन बॅट भिंतीवर आपटून आपटून मोडतो. रॉबिन्सन झालेल्या चॅडविक बोझमनने काय काम केलंय यार, शिव्या ऐकताना त्याचा जबडा बघा फक्त.

तक्रार एकच पण मोठी आहे. डॉजर्सचा बॉस ब्रँच रिकी म्हणजे हॅरिसन फोर्ड, त्याला खूपच जागा दिलीय, जणू एका भल्या गोऱ्या माणसाच्या मनात आलं आणि दार उघडलं. वेंडेल स्मिथ नावाचा कृष्णवर्णीय पत्रकार वर्षानुवर्षं यासाठी लिहीत होता, सिनेमात तो प्रेक्षकांत बसून मांडीवर टाइपरायटर घेऊन बातमी टाइप करतो कारण पत्रकार कक्षात त्याला प्रवेश नाही. एवढं जबरदस्त पात्र आणि वाट्याला सीन किती थोडे! १९४४ मध्ये सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून रॉबिन्सनवर खटला झाला होता आणि तो निर्दोष सुटला, तेही नुसतं बोलण्यात येऊन जातं. ते बघायला मिळायला हवं होतं.

मुलांना दाखवा, पण शिव्या खऱ्याखुऱ्या आहेत, तेव्हा सोबत बसा आणि विचारतील ते सांगा. माझे ५ पैकी ४. एक कापला तो वेंडेल स्मिथला इतकं कमी दाखवलं म्हणून.